शेवंतीला खत नको, अंधार द्या!

मंडळी, दिवाळी जवळ आली की दरवर्षी तीच तक्रार. "जास्वंद, सदाफुली, गोकर्ण अजून फुलतायत, शेवंतीला मात्र नुसती पानंच पानं. कुठलं खत घालू?"

अहो, खत राहू द्या. आधी रात्री दहाला गॅलरीत उभं राहून बघा, पेपर वाचता येतोय का? येत असेल तर गुन्हेगार सापडला.

शेवंती रात्र मोजते. पुण्यात जूनचा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा जेमतेम ११. शरदात रात्र लांबली की ती कळ्या धरते. गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० मध्येच तंबाखू-सोयाबीनवर हे गणित मांडलं. फुलं उशिरा हवी असली की शेवंतीचे व्यावसायिक उत्पादक मुद्दाम मध्यरात्री दिवे लावतात. आपल्या सोसायट्या तेच करतात, आणि बिल आपण मेंटेनन्समधून भरतो! जास्वंद-सदाफुलीला रात्रीचं एवढं पडलेलं नसतं, म्हणून दोष बिचाऱ्या शेवंतीवर.

"सिक्युरिटीसाठी लागतात हो दिवे." मान्य. पण चोर काय चौथ्या मजल्यावरच्या कुंडीतून येणार आहे? फ्लडलाइटचं तोंड खाली वळवा, वर झाकण बसवा, मागच्या बाजूला मोशन सेन्सर लावा. तोवर संध्याकाळी कुंडीवर काळं कापड टाका, सकाळी काढा. रोज, न चुकता.

पार्किंगवरून सभेत तासभर भांडतो ना आपण? मग पुढच्या सभेत पाच मिनिटं अंधारासाठीही भांडा.