‘सायकलवरून पडला’ असं लिहू नका

सायकलस्वार जखमी होऊन दवाखान्यात येतो तेव्हा सोबतच्या माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘काय झालं?’ आणि उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘काही नाही जी डॉक्टरसाहेब, सायकलवरून पडला.’ घाईच्या वेळी केसपेपरवर तेच उतरतं: सायकलवरून पडून डोक्याला मार. मग टाके घालता घालता रुग्ण स्वतःच बोलू लागतो. मागून गाडी आली, कट मारला, हँडलला लागलं, पुढचं आठवत नाही. म्हणजे त्याला कुणीतरी पाडलेलं असतं. पण तोवर कागदावर दुसरंच काही लिहून झालेलं असतं आणि त्या कागदावरून गाडीवाला गायब झालेला असतो.

हा शब्दांचा कीस नाही. पोलीस अपघाताची नोंद करतात तेव्हा दवाखान्याचा कागद बघतात. मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा जातो तेव्हा विमा कंपनीचा वकील सर्वात आधी दवाखान्यातली पहिली नोंद काढतो. त्यात ‘पडला’ असेल तर तो म्हणणार, वाहनाचा संबंधच काय? केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचाराची योजना अधिसूचित केली. नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यात बसतो. पण तीही मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातासाठीच आहे. ज्या घरात रोजची मजुरी आल्यावर चूल पेटते, त्या घरासाठी या एका शब्दाची किंमत काही लाखांत जाऊ शकते.

सायकलस्वार म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर घट्ट कपडे, महागडी सायकल आणि रविवारची राइड येते. आपल्या जुन्या शहरातला सायकलवाला तसा नाही. पहाटे पेपर टाकणारा पोरगा, मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जाणारा माणूस, डाबकी रोडवरून ट्यूशनला निघालेली मुलगी, दगडी पुलावरून मोर्णा ओलांडून बाजारात माल पोचवणारा हमाल. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. चांगलीच योजना आहे ती. पण सायकल दिली आणि जिथून ती चालवायची त्या रस्त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यात सायकलस्वार तीन टक्क्यांच्या आसपास. टक्का लहान वाटतो, पण त्याचा अर्थ होतो रोज बारा-तेरा मृत्यू.

आता थोडं शरीराबद्दल. वाहनाच्या धडकेत शरीराला इजा करते ती ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. ढोबळ हिशेब सांगतो. ताशी ३० किलोमीटरची धडक म्हणजे साडेतीन मीटरवरून, घराच्या स्लॅबवरून, खाली पडण्यासारखं. ताशी ६० ची धडक म्हणजे १४ मीटरवरून, चार मजल्यांहून उंच इमारतीवरून. थांबण्याचंही तसंच आहे. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातो. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ३० च्या वेगाची गाडी साधारण १३ मीटरवर थांबते, ६० ची गाडी सुमारे ३६ मीटरवर. जुन्या शहरातल्या गल्लीत समोरचे ३६ मीटर तरी मोकळे दिसतात का?

‘हेल्मेट का घातलं नाही?’ हा प्रश्न जखमी सायकलस्वाराला सगळेच विचारतात. हेल्मेट जरूर घाला. डोक्याची गंभीर इजा त्याने बरीच टळते, मुलांना तर सवयच लावा. पण सायकलचं हेल्मेट तपासलं जातं ते साधारण दीड मीटरवरून पडण्याच्या हिशेबाने, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटरला. वरचे आकडे पुन्हा बघा. चार मजल्यांच्या धडकेपुढे ते थर्माकोल काय करणार? म्हणून हेल्मेटचा प्रश्न आधी विचारला गेला की मला राग येतो. गाडी किती वेगात होती, हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा.

रस्त्यावरच्या समझोत्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जीव जातो. अपघात होतो, चार लोक जमतात. सायकलवाला उठून बसतो, कपडे झटकतो, म्हणतो ठीक आहे. गाडीवाला दोन-पाच हजार रुपये काढतो. कुणीतरी ज्येष्ठ म्हणतात, ‘मिटवून टाका, गरीब आहेत दोघंही.’ सगळे आपापल्या वाटेने जातात. आणि संध्याकाळी घरी त्या माणसाला उलट्या सुरू होतात, डोकं ठणकतं, तो सुस्तावतो, घरचे म्हणतात दमला असेल, झोपू द्या.

कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये एखादी रक्तवाहिनी फाटली तर तिथे रक्त साचू लागतं. मार बहुधा कानशिलावर असतो, तिथलं हाड पातळ असतं. सुरुवातीला रक्त थोडं असतं, त्यामुळे रुग्ण नीट बोलतो, चालतो. या मधल्या काळाला आम्ही शुद्धीचा काळ म्हणतो. तो काही मिनिटांचा असू शकतो, काही तासांचाही. मग दाब वाढतो, एक बाहुली मोठी होते, शुद्ध हरपते. वेळेत सीटी स्कॅन झालं आणि रक्त काढलं तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. उशीर झाला तर जात नाही. पोटाचंही तेच: हँडलचं टोक पोटात घुसलं की वरून फक्त एक गोल वळ दिसतो आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. त्यामुळे रस्त्यावर उभं राहून ‘मला काही झालं नाही’ हे सांगण्याचा अधिकार खुद्द जखमीलाही नाही, मग समझोता करणाऱ्या चौघांना कुठून असणार? डोक्याला मार लागलेल्या माणसाला दवाखान्यात दाखवा, आणि पुढचे २४ तास त्याला एकटं सोडू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, झोपेतून न उठणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त यापैकी काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन. मानेला इजा असण्याची शंका असेल तर ऑटोत दुमडून कोंबू नका, आणि तोंडात पाणी ओतू नका.

रुग्णासाठी जसा पहिला तास महत्त्वाचा, तसेच गुन्ह्याच्या पुराव्यासाठीही पहिले काही तासच असतात. दारूचंच घ्या. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पिणं थांबल्यावर शरीर दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम दारू निकालात काढतं. रात्री ११ वाजता ७५ असलेला चालक २ वाजता ३० वर येतो. सकाळी तो अगदी सोवळा! पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन सगळ्यांच्या लक्षात राहिला. आमच्या पेशाला लाज आणणारी गोष्ट वेगळीच होती: त्याचा रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलल्याच्या आरोपावरून पोलिसांनी दोन डॉक्टरांना अटक केली.

नमुना बदलायलाच हवा असंही नाही, हलगर्जीपणाही पुरतो. वांद्र्याच्या २००२ सालच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सलमान खान यांना निर्दोष ठरवलं. रक्ताच्या नमुन्याचा पुरावा शंकेपलीकडे सिद्ध न होणं, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. रक्त घेताना त्वचा पुसायला स्पिरिटचा बोळा वापरायचा नाही, सोडियम फ्लोराइड असलेल्या बाटलीत घ्यायचं, किती घेतलं ते लिहायचं, वेळ लिहायची, सील करायचं, कुणाच्या हाती दिलं त्याची सही घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे. ते नीट झालं नाही तर पुढची तेरा वर्षं वकील त्यावरच बोलतात.

नवी मुंबईत पाम बीच मार्गावर २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे अवतार सैनी यांना सायकल चालवताना एका टॅक्सीने मागून धडक दिली. ते इंटेल कंपनीच्या भारतातील कामाचे माजी प्रमुख, वय ६८, सोबत इतर सायकलस्वार, रस्ता रुंद. तरी गेले. तेव्हा लागू असलेल्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षं झाली. (त्याच कलमात आम्हा डॉक्टरांच्या निष्काळजीपणाला कमाल दोन वर्षं आहेत. स्वतःवर कलम लागण्याच्या भीतीने आम्ही कागद न् कागद जपतो. रस्त्यावरच्या जखमीचा कागदही तितकाच जपायला काय हरकत आहे?) पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांची तरतूद होती, पण ट्रकचालकांच्या जानेवारी २०२४ मधल्या आंदोलनानंतर संहिता लागू करताना ती बाजूला ठेवली गेली.

मला त्या दहा वर्षांचं फारसं वाटत नाही. क्वचित कुणाला तरी होणाऱ्या मोठ्या शिक्षेपेक्षा प्रत्येकाला नक्की होणारी लहान शिक्षा जास्त काम करते. भरधाव चालवणाऱ्याचा, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्येच सांगितलं होतं. तीन महिने गाडीची चावी हातात नाही, ही शिक्षा श्रीमंतालाही टोचते. दंडाची पावती टोचत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. आपल्याकडे दहावीच्या क्लासबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघा आणि किती पालकांना हे ठाऊक असेल ते सांगा.

चालकांची एक बाजू खरी आहे. थांबलो तर लोक मारतात, म्हणून पळालो, असं ते म्हणतात, आणि लोक मारतात हेही खरं. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने याचा विचार केलेला आहे. जखमीला दवाखान्यात नेणं हे चालकाचं कर्तव्य, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर पोलीस ठाणं गाठा, २४ तासांच्या आत कळवा. तेव्हा चालकाला चोप देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पुढच्या अपघातातला चालक त्यामुळेच पळतो आणि जखमी रस्त्यावर पडून राहतो.

वेगाचा उपाय आपल्या गावात अशक्य नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. एवढी ताकद असलेल्या यंत्रणेला शाळेसमोर नीट आखलेला गतिरोधक आणि रात्री पेटणारा दिवा जड जाऊ नये. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तेव्हा त्या मार्गावरची वाहतूक वळवली जाते आणि रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. मग जुन्या शहराच्या आतल्या रस्त्यांवर वर्षभर ३० ची मर्यादा का नको? दोन किलोमीटरला ५० ऐवजी ३० ने गेलात तर दीड-पावणेदोन मिनिटं जास्त लागतात, बस्स.

तोवर घरच्यांनी इतकं करावं. केसपेपर हातात आला की वाचा. ‘मागून आलेल्या वाहनाने धडक दिली’ असं घडलं असेल तर तसंच लिहायला सांगा, ठिकाण आणि वेळेसह. त्याची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचा वैद्यकीय अहवाल, झाली का ते विचारा. रुग्णाचे फाटलेले कपडे आणि मोडलेली सायकल लगेच भंगारात देऊ नका. त्यावर गाडीचा रंग लागलेला असतो. आजूबाजूच्या दुकानांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून दुसऱ्याच दिवशी पोलिसांना ते ताब्यात घ्यायला सांगा. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. आणि गाडी सापडलीच नाही तरी ‘अज्ञात वाहन’ म्हणून फाइल बंद झाली की सगळं संपलं असं समजू नका: मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात, त्याचा अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा असतो, आणि त्या अर्जाला दवाखान्याचा तोच पहिला कागद जोडावा लागतो.