खाज थांबली, बुरशी गेली का?

पावसाळा लागला की रस्त्याकडेला टाकळा माजतो आणि त्याच सुमारास दवाखान्यांत गजकर्णाचे रुग्ण वाढतात. टाकळ्याचे एक संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. हा दावा जुना आहे आणि तो कसोशीने तपासण्याची गरज आज अधिक आहे. टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी २०२० मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी दुखणे आणखी चिघळवले. कंटाळलेला रुग्ण पाल्याच्या लेपाकडे वळतो आणि वळण्याआधी आपल्याला विचारतो. त्याला काय सांगायचे?

प्रयोगशाळेतले अनेक निबंध इथे अपुरे पडतात. आगरमध्ये भोक पाडून अर्क भरायचा आणि भोवतीचे मोकळे वर्तुळ मोजायचे, एवढ्यावर निष्कर्ष निघतो. पण तेल आगरमध्ये नीट झिरपत नाही; म्हणून करंजतेलाचे वर्तुळ लहान दिसले तरी ते निरुपयोगी ठरत नाही. अल्कोहोलमधल्या अर्काचे वर्तुळ मोठे आले, तर त्यात अल्कोहोलचा वाटा किती, हे नुसत्या अल्कोहोलची चाचणी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. कॅन्डिडावरचा निकाल गजकर्णाला लावणे तर सरळ चूक आहे.

खरी कसोटी त्वचेवर लागते. ऑस्ट्रेलियातील १९९२ च्या एका चाचणीत पायाच्या बुरशीसंसर्गाच्या १०४ रुग्णांवर १० टक्के टी-ट्री तेलाचे मलम, टोलनाफ्टेट आणि निव्वळ आधारमलम यांची तुलना झाली. लक्षणे कमी करण्यात तेल टोलनाफ्टेटच्या बरोबरीचे ठरले. कल्चर मात्र टोलनाफ्टेटने ८५ टक्के, तेलाने ३० टक्के आणि आधारमलमाने २१ टक्के रुग्णांत नकारात्मक आले. रुग्णाला आराम पडला होता, बुरशी बहुतेकांच्या कातडीत तशीच होती. 'आमच्या लेपाने गुण येतो' हे आपले वाक्य या आकड्यांपुढे धरून पाहावे.

म्हणून वनौषधी टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणत नाही. ब्राझीलमधल्या झाडापासून मिळणारी आणि पोर्तुगीज व्यापारामुळे 'गोवा पावडर' म्हणून ओळखली गेलेली भुकटी पूर्वी गजकर्णावर लावत. तिच्यातले क्रायसारोबिन वेगळे काढले गेले, ते त्वचेला दाहक आहे हेही कळले, आणि पुढे त्याच वाटेने सोरायसिसवरचे डिथ्रॅनॉल हाती आले. तपासणीमुळे परंपरेचे नुकसान झाले नाही; तिचा उपयोग वाढला.

वाचकांना आमची विनंती तीन गोष्टींची आहे. लेपापूर्वी खवल्यांची केओएच तपासणी आणि शक्य तिथे कल्चर करा. वापरलेल्या झाडाचा नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घ्या. टाकळ्यासारखीच दिसणारी दुसरी जात शेजारीच उगवते. उपचार संपल्यावर महिन्याने तपासणी पुन्हा करा. लेप अपयशी ठरला तर ती नोंदही पाठवा, आम्ही ती तितक्याच अगत्याने छापू. टाकळा दद्रुघ्न आहे की नाही, हे अशा नोंदींतूनच ठरेल.