झाडांची तहान उशिरा कळते





मैदानाच्या पश्चिम कोपऱ्यातील करंजाचे झाड तोडावे की ठेवावे, हा प्रश्न सध्या आपल्या शाळेत चर्चेत आहे. या झाडाखाली डबा खाऊन मोठ्या झालेल्या माजी विद्यार्थ्यांची पत्रे आली. 'वाळलेली फांदी एखाद्या मुलाच्या डोक्यात पडली तर जबाबदार कोण?' असे विचारणारी पालकांची पत्रेही आली. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे. म्हणून आमचे मत काय आहे आणि ते तसे का आहे, हे या अंकात मोकळेपणाने मांडत आहोत.

आधी घडलेली हकिगत सांगतो. २०२३ साली पावसाने दगा दिला. राज्यातील २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके सरकारला दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. त्या वर्षी आपल्या घरी पिंपे, हौद, टाक्या भरून ठेवण्याची कशी धावपळ होती, हे केशवापूरकरांना सांगायला नको. पण करंज मात्र हिरवागार होता. 'चिवट झाड आहे, याला काही होत नाही' असे आम्हीच प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगितले. २०२४ साली पाऊस चांगला झाला आणि सगळेच निर्धास्त झाले. मग २०२५ चा एप्रिल आला. करंजाला एरवी या दिवसांत कोवळी, चकचकीत पालवी फुटते. यंदा खालच्या फांद्या पालवल्या, शेंड्याकडचा अर्धा भाग उघडाच राहिला. दुष्काळ संपून वर्ष झाले, मग झाड आत्ता का वाळले? हा प्रश्न सातवीच्या एका विद्यार्थिनीने विचारला आणि आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे आम्ही 'वाष्पोत्सर्जन' पाठ केले होते, इथे मुलांना 'बाष्पोच्छ्वास' शिकवतो. शब्द बदलला तरी गोष्ट तीच. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि त्या ओढीने मुळांपासून शेंड्यापर्यंत पाण्याची अखंड दोरी वर खेचली जाते. झाडाला पंप नसतो. पान वरून ओढते, मूळ खालून पुरवते. जमिनीत पाणी उरले नाही की ही दोरी ताणत जाते, आणि फार ताणली की जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरून ती तुटते. ती वाहिनी मग बहुधा कायमची निकामी होते. हे टाळण्यासाठी झाड रंध्रे मिटून घेते. पण त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येत असतो आणि त्यापासून अन्न तयार होते. म्हणजे दार लावले तर पाणी वाचते पण चूल विझते, दार उघडे ठेवले तर चूल पेटते पण हौद रिकामा होतो. एक उन्हाळा झाड साठवणीच्या अन्नावर काढते. अवर्षण लांबले की साठाही संपतो, आणि अशा अशक्त झाडाला कीड व बुरशी सहज गाठतात.

म्हणूनच झाड दुष्काळात मरतेच असे नाही, पुष्कळदा ते दुष्काळानंतर मरते. कर्नाटकाच्या बंडीपूरला लागून तमिळनाडूत मुदुमलैचे जंगल आहे. तिथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून ५० हेक्टर जंगलातील एकेका झाडाची नोंद ठेवली आहे. कमी पावसाची वर्षे आणि झाडांच्या मरणाच्या नोंदी यांच्यात काही वर्षांचे अंतर पडते, असे तिथे दिसले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ असा सलग दुष्काळ पडला. सुरुवातीला झाडे उभी होती. पुढे साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी अशक्त झालेली झाडे गाठली आणि मेलेल्या झाडांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. जी झाडे वाचतात तीही लगेच सावरत नाहीत. २०१५ साली जगभरच्या तेराशेहून अधिक ठिकाणच्या झाडांच्या वाढवलयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या दुष्काळानंतर वाढ पूर्वपदावर यायला एक ते चार वर्षे लागतात, असे त्यात आढळले.

वाढवलये म्हणजे झाडाची रोजनिशीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केरळातील जुन्या सागाच्या वलयांवरून १४८१ ते २००३ असा ५२३ वर्षांचा पट वाचला. पाऊस दगा देतो तेव्हा सागाचे वलय बारीक पडते. झाड बोलत नाही, पण लिहून ठेवते.

आता एक गंमत पाहा. मागे आम्ही मुलांना दोन सहलींना नेले होते. एक पश्चिमेला, कलघटगीवरून हल्याळ-दांडेलीच्या बाजूला. दुसरी पूर्वेला, गदगजवळच्या कप्पतगुड्ड्यावर. हे डोंगर २०१९ पासून अभयारण्य आहेत. आपले हुबळी-धारवाड या दोन्हींच्या मधोमध, मलनाड संपून कोरडे मैदान सुरू होते त्या उंबऱ्यावर वसले आहे. पश्चिमेला उंच साग आणि ऐन, पूर्वेला खुरटी, काटेरी झाडी. मुलांनी तेव्हाही विचारले होते, 'सर, इथे झाडांना पाणी कोण घालते?'

कोणीच घालत नाही. ही झाडे काटकसरीने जगतात. साग उन्हाळ्यापूर्वीच आपली सुपाएवढी पाने टाकून देतो, कारण पान म्हणजे खर्च. पळस, म्हणजे आपला मुत्तुग, निष्पर्ण असताना फुलतो. ऐनाच्या, म्हणजे मत्तीच्या, काही झाडांच्या खोडात पाण्याचा साठा सापडतो. आणि गळालेला पाचोळा तिथे कोणी झाडून नेत नाही, तो जमिनीवर गोधडीसारखा पडून राहतो, ओल धरतो, कुजून माती भुसभुशीत करतो. पहिला वळीव पडला की पाणी जिथल्या तिथे मुरते. लांबलेल्या अवर्षणात जंगलातली झाडेही मरतात, हे वर सांगितलेच. पण तिथे झाडाला झगडायला निदान मोकळी जमीन असते.

आमच्या करंजाला ती नव्हती. काही वर्षांपूर्वी आम्हीच मैदानाच्या त्या बाजूला सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले. पावसाळ्यात चिखल होतो, मुलांचे बूट खराब होतात, गाड्या लावायला जागा हवी, अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. खोडाभोवती हातभर चौकोन मोकळा ठेवला आणि झाडाची सोय झाली असे समजलो. पण झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या फूट-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्या सगळ्या जमिनीवर आम्ही झाकण घातले. वर पाचोळा रोज झाडून जाळला. म्हणजे २०२४ च्या चांगल्या पावसाचेही पाणी त्याच्या मुळांना पुरते मिळाले नसणार. करंज वाळण्याचे हे एकच कारण आहे असा आमचा दावा नाही. पण करंजासारखे कोरड्या प्रदेशात तगणारे झाड जिथे हरते, तिथे दोष फक्त पावसाला देणे बरे नव्हे.

यावर काहींनी सुचवले की रोज दोन बादल्या पाणी घालावे. भावना चांगली आहे, पण तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. एवढ्या मोठ्या झाडाला खोडाशी ओतलेल्या दोन बादल्या म्हणजे दर्यामे खसखस. आणि रोज वरवर पाणी मिळाले की कोवळ्या रोपांचीही मुळे वरच घुटमळतात, खोल जात नाहीत. लहान रोपाला आठवड्यातून एकदा सावकाश, भरपूर पाणी द्यावे, हे बरे.

आमचे मत असे. वर्गांवर आणि वाटेवर येणाऱ्या वाळक्या फांद्या सुट्टीत काढून टाकाव्यात, त्यात तडजोड नको, मुलांचा जीव आधी. खोडाला मात्र पुढचे दोन पावसाळे कुऱ्हाड लावू नये. खालच्या फांद्या जिवंत आहेत, आणि झाडाचा हिशोब आपल्या शैक्षणिक वर्षाप्रमाणे चालत नाही. फांद्यांच्या घेराएवढे ठोकळे उचलून जमीन मोकळी करावी आणि पाचोळा जाळण्याऐवजी तिथेच पसरावा. विंचू-किड्याची भीती असेल तर भोवती गुडघाभर कठडा घालू. यामुळे सात-आठ दुचाक्यांची जागा जाईल आणि जूनमध्ये बुटांना चिखल लागेल. ती तोशीस पालकांनी सोसावी, अशी विनंती आहे. दोन पावसाळ्यांनंतरही झाड वर आले नाही, तर तोडण्याच्या ठरावावर पहिली सही आम्ही करू.

'झाडे लावा, झाडे जगवा' ही घोषणा आपण दर जुलैत वनमहोत्सवाला देतो. पहिल्या अर्ध्या भागाचे फोटो शाळेच्या भिंतीवर लागलेले आहेत. दुसऱ्या अर्ध्याचा फोटो काढता येत नाही, त्याला वर्षे लागतात. पुढच्या अवर्षणात झाड जगेल की नाही, हे चांगल्या पावसाच्या वर्षी आपण त्याची जमीन मोकळी ठेवली की नाही यावर बरेचसे ठरते. येत्या पालक सभेत हा विषय ठेवला आहे. विरोध असेल त्यांनीही जरूर यावे.

आपले,
मुख्याध्यापक