पारख करणाऱ्याचे खाते

सराफ कसोटीवर सोन्याची रेघ ओढतो. अडत्या पोत्यातील मूठभर दाणे तळहातावर घेऊन मालाचा भाव सांगतो. माणसाची पारख करावयाची झाल्यास असा दगड हाताशी नसतो. तेथे पाहणाऱ्याची नजर हेच साधन, आणि ती बहुधा दीर्घ अनुभवातून येते. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळात अशा नजरेचा स्वतंत्र व्यवसायच आहे. दुय्यम श्रेणीच्या संघांत खेळलेले, परंतु शिखरापर्यंत न पोहोचलेले अनेक खेळाडू निवृत्तीनंतर गावोगावची मैदाने पालथी घालून नवी मुले शोधतात. आपल्याकडे क्रिकेटमध्ये या वाटेने गेलेले एक नाव म्हणजे प्रकाश पोद्दार.

पोद्दार बंगाल व राजस्थान या संघांकडून प्रथम श्रेणीचे 74 सामने खेळले व त्यांत त्यांनी 11 शतके केली. बंगालचे कर्णधारपदही त्यांनी भूषविले. तथापि भारताकडून कसोटी खेळण्याचा योग त्यांना कधीच लाभला नाही.

पुढे 2002 च्या सुमारास मुंबईचे क्रिकेट-अभ्यासक मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून क्रिकेट नियामक मंडळाने लहान शहरांतील गुणवत्ता शोधण्याची योजना सुरू केली. तिचे प्रमुखपद दिलीप वेंगसरकर यांच्याकडे होते. जुन्या खेळाडूंनी देशभर हिंडून सामने पाहावेत आणि लेखी अहवाल पाठवावेत, अशी तिची रीत होती. या कामावर नेमलेल्या पोद्दारांनी 2003 मध्ये जमशेदपूर येथे झारखंडच्या एका यष्टिरक्षकास फलंदाजी करताना पाहिले. त्याचे नाव महेंद्रसिंह धोनी.

पोद्दारांनी अहवालात त्याच्या फटक्यांतील ताकद नोंदविली आणि यष्टिरक्षणात अद्याप सुधारणा हवी, हेही स्पष्ट लिहिले. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू त्यांनी प्रामाणिकपणे मांडल्या. मुलाने योजनेची वयोमर्यादा ओलांडलेली होती. परंतु वेंगसरकरांनी पोद्दारांच्या शब्दावर विश्वास ठेवून अपवाद केला. डिसेंबर 2004 मध्ये धोनी भारताकडून खेळला आणि 2011 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने विश्वचषक जिंकला. ती योजना मात्र काही वर्षांतच बंद पडली. पोद्दार 2022 च्या डिसेंबरमध्ये निवर्तले.

अशी नजर पारशिवनीच्या परिसरालाही अपरिचित नाही. येथून फार दूर नसलेल्या वलनी या कोळसा खाणीच्या वसाहतीत उमेश यादव वाढला. वडील खाणीत कामगार. पोलीस शिपाई होण्याचा त्याचा प्रयत्न फसला होता, आणि वयाच्या विशीपर्यंत त्याची गोलंदाजी टेनिस चेंडूपुरतीच होती. विदर्भाचे तत्कालीन कर्णधार, फिरकी गोलंदाज प्रीतम गंधे यांनी त्याच्या वेगाची दखल घेऊन त्यास संधी मिळवून दिली. 2008 मध्ये तो रणजी सामन्यांत उतरला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. पुढे 57 कसोटींत त्याने 170 बळी घेतले. गंधे यांच्या वाट्यालाही भारताची टोपी कधी आली नव्हती.

व्यापारात सौदा जुळवून देणाऱ्यास दलाली मिळते. पोद्दार वा गंधे यांच्या खाती धोनीची एक धाव अथवा यादवचा एक बळी जमा झाला नाही. आपणांस जे लाभले नाही ते दुसऱ्यास लाभावे, यासाठी मन मोठे असावे लागते. उणे-अधिक दोन्ही सांगण्याचे धैर्यही लागते. कारण नुसत्या स्तुतीच्या अहवालावर कोणी अपवाद करीत नाही.

प्रत्येक पेढीवर एखादा हिशेबात तरबेज नोकर असतो, प्रत्येक घरात गल्ल्यावर न रमणारा एखादा मुलगा अथवा मुलगी असते. त्यांची उणीव सर्वांच्या तोंडी असते. गुण मात्र बहुधा कोणी लिहून ठेवत नाही. वयाने उशीर झाला, घराणे साधे, गाव लहान, एवढ्या कारणांवरून नाव खोडण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एकदा त्यांचे काम स्वतः उभे राहून पाहावे, आणि जे दिसेल ते योग्य त्या जाणकाराच्या कानी घालावे. वलनीचा मुलगा भारतीय संघात पोहोचला, त्याची सुरुवात अशीच झाली.