कॅलेचा तो हंगाम

फुटबॉलच्या फ्रेंच चषकाच्या 1999-2000 च्या हंगामाबद्दल लिहायला घेतलं की विजेत्या नाँतऐवजी उपविजेत्या कॅलेचंच नाव आधी येतं. त्यात नाँतचा अनादर नाही.

कॅले हा बंदराच्या गावातला चौथ्या श्रेणीचा हौशी संघ. खेळाडू दिवसा नोकऱ्या करायचे, संध्याकाळी सराव. प्रशिक्षक लादिस्लास लोझानो यांच्या या संघानं लील आणि कानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं, मग स्ट्रासबूरला. उपांत्य फेरीत समोर आला बोर्दो, आदल्या वर्षीचा लीगविजेता. जादा वेळेत निकाल लागला 3-1, कॅलेच्या बाजूनं!

7 मे 2000 रोजी स्ताद द फ्रान्सवर नाँतविरुद्धच्या अंतिम सामन्यात कॅलेच्या दुतित्रनं पहिला गोलही केला. मध्यंतरानंतर नाँतच्या सिबिएर्स्कीनं बरोबरी साधली आणि अगदी शेवटी पेनल्टीवर सामना हिरावून नेला. तरी नाँतचा कर्णधार लाँद्रो यानं कॅलेच्या कर्णधाराला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून चषक उंचावला. इतकं दिलदार दृश्य या खेळात मला दुसरं आठवत नाही.

2017 मध्ये कॅलेचा तो क्लब आर्थिक अडचणींमुळे बंद पडला. म्हणूनच हा अंक छोट्या क्लबांना दिला आहे. बाद फेरीची स्पर्धा त्यांना एका संध्याकाळची संधी देते. वर्षभर मैदान, प्रशिक्षक आणि पगार यांची सोय कोण करणार, हा प्रश्न महासंघांनी आता टाळू नये.