पोपटी, पाकिटं आणि एक तोतया

"आपण मोठी माणसं खेळणं कधी बंद करतो हो?" हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तो पडला मामाच्या नागावच्या वाडीत, जानेवारीच्या थंडीत, पोपटीच्या जाळाशेजारी बसून. आणि उत्तर मिळायला पुढची जानेवारी उजाडली. तेच उत्तर सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच!

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलं सोडून सगळं काही होतं, आणि त्यात 'माफिया' हमखास असतो. दिवे घालवायचे, डोळे मिटायचे, रात्री कुणीतरी 'मरणार' आणि सकाळी गावाने खुनी शोधायचा. हा खेळ दिमित्री दाविदॉफ नावाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९८६ साली मॉस्को विद्यापीठात सुरू केला, हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. म्हणजे अभ्यास सोडून खेळणारे जगभर आहेत तर! याच खेळाचा थोरला भाऊ म्हणजे रहस्य-जेवण. यजमान एक गोष्ट रचतो, प्रत्येक पाहुण्याला आधीच एक पाकीट देतो. पाकिटात तुम्ही कोण, तुम्हाला काय ठाऊक आहे, काय लपवायचं आहे आणि आज रात्री काय साधायचं आहे, एवढंच. संवाद लिहिलेले नसतात. जेवता जेवता प्रत्येकाने आपलं सोंग वठवायचं आणि शेवटी गुन्हेगार कोण ते ठरवायचं. बस्स!

"हे काय विलायती खूळ?" असं आमच्या मामानेही विचारलं होतं. पण खूळ विलायती नाही हो. खाली सिंधुदुर्गात दशावतारात कथा ठरलेली असते, संवाद मात्र नट जागेवर रचतात. शिमग्यातली सोंगं आपण लहानपणापासून बघतोय. आणि रहस्याचं म्हणाल, तर बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून आपल्या आजोबांच्या पिढीला झुंझार आणि काळापहाडच्या नादी लावलं होतंच. म्हणजे सोंग आपलं, रहस्य आपलं. राहता राहिलं जेवण!

त्यासाठी आम्हा रायगडकरांकडे पोपटी आहे. जे घाटावरून आलेत त्यांच्यासाठी सांगतो. वालाच्या शेंगा तयार झाल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं पालथं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. अर्धा-पाऊण तास आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. वरून पाणी शिंपडायचं, चर्रकन उडून गेलं की समजायचं, झाली. आता सांगा, रहस्याच्या खेळाला याहून बरं जेवण कुठल्या हॉटेलात मिळेल?

मग काय, मी कामाला लागलो. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर बाजूला ठेवून फ्लोचार्ट काढला. बारा पाकिटं, तीन फेऱ्या. मडकं भरताना पहिली फेरी : ओळखी. जाळ पेटल्यावर दुसरी : पुरावे. मडकं फोडल्यावर तिसरी : खाणं आणि निकाल. हॉस्टेलचे सात जण, घरचे चौघे आणि शेजारचे तात्या. तात्यांनी ऐंशी ओलांडलीय, पण गप्पांना एक नंबर. त्यांना घेतलं नाही तर पोपटीला मजा नाही.

गोष्ट मात्र 'आपल्या मातीतली' हवी होती. आणि इथेच घोडं पेंड खायला गेलं.

मी निवडली 'रामदास' बोट. १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारीच्या अमावास्येच्या सुमारास मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट वादळी पावसात काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. महिनाभराने देश स्वतंत्र झाला आणि त्या गडबडीत ही बातमी बाकीचे विसरले. आमच्या किनाऱ्यावरची गावं विसरली नाहीत. माझी गोष्ट अशी : रामदासवर बुडाला असं समजलेला एका वाड्याचा मालक बारा वर्षांनी परत येतो. हा खरा की तोतया? वाड्यातल्या कुणाला तो परत यायला हवाय आणि कुणाला नकोय? लिहून झाल्यावर मी स्वतःवरच जाम खूश होतो. तात्यांना पाकीट दिलं ते वाड्यातल्या जुन्या गड्याचं. काम सोपं, आलेल्या माणसाला बघायचं आणि ओळखायचं.

पहिली फेरी धमाल झाली. मेकॅनिकलचा एक भिडस्त मुलगा, जो ओरलला स्वतःचं नाव सांगताना अडखळतो, तो सावकार झाल्यावर असा काही बोलायला लागला की मामी बघतच राहिली. जाळ पेटला. परत आलेला मालक (माझा रूममेट, डोक्याला उपरणं) अंगणात आला. सगळे तात्यांकडे वळले. ओळखा ना तात्या!

तात्यांनी पाकीट खिशात ठेवलं. जाळाकडे बघत म्हणाले, "माझे वडील होते त्या बोटीवर. मी सहा वर्षांचा. आई कितीतरी वर्षं बोटीचा भोंगा ऐकला की दाराशी यायची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला कुठून माहीत असणार? चालू द्या तुमचं."

चालू कसलं राहतंय! कुणाला काही सुचेना. मडक्यावर पाणी शिंपडायचं राहून गेलं, शेंगा करपल्या. तात्या दोन बटाटे खाऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन शांतपणे घरी गेले. ते रागावले असते तर परवडलं असतं.

त्या रात्री मामा एवढंच म्हणाला, "शेजारी राहतात. विचारायचं होतंस." या एका वाक्याने वर्षभर माझी पाठ सोडली नाही.

नंतर कॉलेजच्या लायब्ररीत विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचलं. १९६७ साली रंगायनने ते रंगमंचावर आणलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची. एक हौशी नाटक मंडळी गावात येते, वेळ जात नाही म्हणून खोट्या खटल्याचा खेळ मांडते. बेणारेबाईंना आरोपी करतात. गंमत, गंमत म्हणता म्हणता खटला त्यांच्या खऱ्या आयुष्यावर येऊन थांबतो आणि खेळणारे कुणी थांबत नाहीत. ते वाचताना घाम फुटला. त्या मंडळींनी जाणूनबुजून केलं, मी अजाणता केलं, एवढाच फरक. ज्याच्यावर बेततं, त्याला या फरकाचं काय?

युरोपातल्या नॉर्डिक देशांत अशा सोंगाच्या खेळांचं वेड फार. तिथले लोक १९९७ पासून 'क्नुटेपुंक्ट' नावाचं संमेलनच भरवतात आणि खेळ कसा रचावा यावर गंभीरपणे बोलतात. सोंगातलं दुःख माणसाला लागणं आणि माणसातलं दुःख सोंगात उतरणं, याला या खेळाडूंमध्ये 'ब्लीड' असा शब्द आहे. रंग पाझरतो तसा. आपण एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागू नये म्हणून बादलीत वेगळा भिजवतो, तेवढी काळजी माणसांच्या बाबतीत घ्यायला नको?

आता कुणी म्हणेल, "एवढी काळजी घ्यायची तर खेळायचंच कशाला? पत्ते काढा." आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांचं हेच मत होतं. मला ते पटत नाही. त्या भिडस्त मुलाचा आवाज मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. मामी, जी एरवी पाहुणे आले की स्वयंपाकघराबाहेर येत नाही, ती त्या रात्री वकीलीणबाई होऊन मामाची उलटतपासणी घेत होती आणि मामाची बोबडी वळली होती! मोठ्या माणसांना रोज एकच भूमिका असते. कुणी साहेब, कुणी सून, कुणी 'चार केट्या असलेला'. एका रात्रीपुरती ती उतरवून ठेवता येणं ही चैन नाही, गरज आहे. म्हणूनच खेळ बंद करणं हे उत्तर नाही. यजमानाने यजमानासारखं वागणं हे उत्तर आहे. जेवायला बोलावताना आपण विचारतो ना, "तिखट चालतं का? अंडं चालतं का? आज उपास नाही ना?" मग गोष्ट वाढण्याआधी का नाही विचारायचं?

म्हणून या जानेवारीत पुन्हा पोपटी लावली, आणि आधी विचारलं. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली, नाव न लिहिता : "खेळात कुठला विषय नको?" डबा उघडला तर बारा चिठ्ठ्यांपैकी पाच भरलेल्या. काय होतं त्यांत ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो, रोज ज्यांच्याबरोबर मेसमध्ये जेवतो त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. दुसरं, प्रत्येकाला भूमिका आधी वाचायला दिली, बदलून घ्यायची मुभा दिली. तिसरं, एक खूण ठरवली. डोक्यावरचं उपरणं काढून खांद्यावर टाकलं की तो माणूस खेळाबाहेर. कारण विचारायचं नाही, शेंगा पुढे करायच्या!

गोष्ट या वेळी अडीचशे वर्षं मागे नेली. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण 'भाऊ जिवंत आहेत' ही आशा मेली नाही. पुढे एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. कैदेत गेला, १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या बाजूला गेले. महादजी शिंद्यांच्या फौजेने मोड केल्यावर तो समुद्रमार्गे मुंबईकडे निघाला आणि त्याला पकडलं कुणी? आपल्या कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी! त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. आमचा खेळ त्याला कुलाब्यात आणतात त्या रात्रीचा. तो तोतया हे सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून कोडं वेगळं ठेवलं. त्याला आतून बातम्या पुरवणारा आपल्यातला कोण? कारकून, तांडेल, वैद्य, व्यापारी, पानिपताहून परतलेला शिपाई... सगळ्यांवर संशय!

तात्यांकडे मी स्वतः गेलो. माफी मागितली, नवी गोष्ट सगळी सांगितली, यायलाच हवं असं नाही हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंच कोण आहे?" म्हटलं, ठरायचाय. "मग ठरला की!"

आणि पंच म्हणून काय बसले म्हणता! एका साक्षीदाराला सोडलं नाही. निकाल द्यायच्या आधी मात्र थोडं थांबून म्हणाले, "त्या माणसाने लोकांना फसवलं ते खरं. पण लोकांनाही फसायचं होतं. आपलं माणूस परत यावं असं कुणाला वाटत नाही?" हे काही पाकिटात लिहिलेलं नव्हतं. उपरणं त्यांच्या डोक्यावरच होतं. म्हणजे जे बोलायचं ते त्यांनी स्वतःच्या मर्जीने, सोंगाच्या आडून, हवं तेवढंच बोलून घेतलं. गेल्या वर्षी मी तेच त्यांच्याकडून ओढून काढलं होतं. या दोन जानेवारींमधला फरक मला कळला, आणि हा लेख त्यासाठीच लिहिलाय.

(आणि हो, फितूर निघाला वैद्य. म्हणजे आमची मामी. कुणालाही संशय आला नाही!)

तर मित्रांनो, गॅदरिंगला, फेअरवेलला, घरच्या पोपटीला असा खेळ जरूर मांडा. गोष्ट थोडी कच्ची असली तरी चालेल, मडक्यात शेंगाही सगळ्या सारख्या शिजत नाहीत. फक्त पाकिटं वाटण्याआधी एक कोरी चिठ्ठी वाटा. बघा पटतंय का!