लष्करी अळीच्या पेशी आणि प्रथिनांवरील शर्करा

अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात प्रथम कर्नाटकातील मक्यावर आढळली आणि अल्पावधीतच देशभरातील मका उत्पादकांपुढील संकट ठरली. याच किडीच्या कोषातील अंडाशयापासून मिळवलेल्या पेशी मात्र 1970 च्या दशकापासून प्रयोगशाळांत वाढवल्या जात आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘कोव्होव्हॅक्स’ या कोविड लसीतील प्रथिन अशाच पेशींत बनते. त्या पेशींत जनुक पोहोचवणारा बॅक्युलोव्हायरस हा हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी फवारल्या जाणाऱ्या एनपीव्हीच्या कुळातीलच विषाणू आहे. म्हणजेच हे तंत्र कीटकशास्त्राच्या अंगणातले आहे. तरीही त्यातील सर्वांत कळीच्या प्रश्नाकडे कृषी संशोधनाने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. तो प्रश्न प्रथिनांवरील शर्करेचा आहे.

अनेक प्रथिनांना पेशीत तयार होतानाच शर्करेच्या लहान साखळ्या जोडल्या जातात. सस्तन प्राण्यांमध्ये या साखळ्यांच्या टोकाशी बहुधा गॅलॅक्टोज व सायलिक आम्ल असते. कीटकांच्या पेशी साखळी आखूड ठेवतात आणि टोकाशी मॅनोज उघडे राहते. असे प्रथिन रक्तात सोडल्यास यकृत व प्रतिकारक पेशी ते चटकन काढून घेतात. साखळीचे महत्त्व एका औषधावरून स्पष्ट होते. रक्तक्षयावरील एरिथ्रोपोएटिनला नत्राशी जोडलेल्या तीन शर्करासाखळ्या असतात. त्यात बदल करून पाच साखळ्या असलेले डार्बेपोएटिन तयार करण्यात आले, तेव्हा त्याचा शरीरातील टिकाव सुमारे तिपटीने वाढला आणि इंजेक्शनांची संख्या घटली.

कीटकपेशींतील उणीव दूर करता येते. सस्तन प्राण्यांतील शर्करा जोडणाऱ्या विकरांची जनुके त्या पेशींत घालून साखळी पूर्ण करण्याचे काम अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठात डोनाल्ड जार्व्हिस यांच्या गटाने 2001 च्या सुमारास करून दाखवले. मात्र प्रत्येक प्रथिनाला हा खटाटोप लागत नाही. लसीचे काम प्रतिकारशक्ती जागवण्याचे असल्याने तेथे कीटकांची साधी साखळी बहुधा चालते. रक्तात दीर्घकाळ टिकावयाच्या औषधासाठी मात्र ती बदलावीच लागते. रेशीमकीटकाच्या मधल्या रेशीमग्रंथीत तयार झालेल्या प्रतिपिंडांवर तर फ्युकोज ही शर्करा नसते. तिच्या अभावामुळे असे प्रतिपिंड रोगट पेशींवर अधिक प्रभावी ठरू शकतात. म्हणून शर्करा उद्देशानुसार निवडणे, हेच या शास्त्राचे सूत्र होय.

या सूत्राचा पहिला लाभ पशुधनाला मिळावा. वराहांच्या सर्कोव्हायरसवरील लस बॅक्युलोव्हायरस तंत्राने तयार होते. मांजरांसाठीचे इंटरफेरॉन जपानमध्ये रेशीमकीटकांत बनवले गेले. जनावरांच्या औषधाची किंमत पशुपालकाला पेलावी लागते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा न लागता 27 ते 28 अंश सेल्सिअसला वाढणाऱ्या कीटकपेशींचे मोल येथे अधिक आहे. जगात रेशीम उत्पादनात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या देशाने रेशीमकीटकाकडे केवळ धाग्याचा स्रोत म्हणून पाहणे ही संधी दवडणे ठरेल.

अर्थात, घाईही नको. जनुकीय बदल केलेले रेशीमकीटक बंदिस्त जागेतच वाढवावे लागतील आणि त्यांना नियामक मंजुरी अनिवार्य राहील. तुती उत्पादकांना लगेच वाढीव उत्पन्नाचे आमिष दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आज गरज आहे ती कीटकशास्त्र, पशुवैद्यक आणि रेशीम संशोधन संस्थांनी एकत्रितपणे एखादे पशुवैद्यकीय प्रथिन निवडून त्याची शर्करा, परिणाम व खर्च यांचा ताळमेळ तपासण्याची. पदव्युत्तर कीटकशास्त्राच्या अभ्यासक्रमातही हा विषय यावा. किडींचे नियंत्रण हे या शास्त्राचे पहिले कर्तव्य आहे आणि राहील. परंतु ज्या किडीने शेतकऱ्याचे पीक खाल्ले, तिच्याच पेशींतून त्याच्या गोठ्यासाठी औषध मिळवणे हेही त्याच कर्तव्याचा विस्तार आहे.